टेनिस चेंडूची खरेदी आणि त्यामागील भौतिकशास्त्र : पिंपळनेर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयांच्या जिमखाना विभागासाठी दरवर्षी टेनिसचे चेंडू खरेदी केले जातात आणि ही खरेदी बहुधा प्रति डझन न्यूनतम दरावर निश्चित होते. न्यूनतम दराच्या पद्धतीत सर्व विक्रेत्यांची वस्तू एकसारखी आहे, असे गृहीत धरलेले असते. टेनिसच्या चेंडूबाबत हे गृहीतक टिकत नाही. चेंडूची उसळी त्यातील हवेचा दाब, रबराची जात, तापमान व साठवणुकीचा काळ यांवर अवलंबून असते आणि ती काळानुसार कमी होत जाते. प्रस्तुत लेखात चेंडूच्या वर्तनामागील भौतिकशास्त्र स्पष्ट करून, मोजपट्टी व मोबाइल यांच्या साहाय्याने कोणत्याही महाविद्यालयास करता येईल अशी चाचणी आणि तिच्या आधारे खरेदीची रीत सुचविली आहे.

बीजशब्द : टेनिस चेंडू, उसळी-गुणांक, वायूचा दाब, हवेचा रोध, जिमखाना खरेदी.

१. प्रस्तावना

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठी वसलेल्या पिंपळनेरच्या परिसरात टेनिसचे मैदान शोधावे लागते. टेनिसचा चेंडू मात्र कोठेही सापडतो. सुगी होऊन शेते मोकळी झाली की बांधाच्या कडेला तीन काठ्या रोवल्या जातात आणि क्रिकेट सुरू होते. या क्रिकेटला पॅड, हातमोजे वा शिरस्त्राण लागत नाही, तयार खेळपट्टी लागत नाही. बॅट आणि टेनिसचा चेंडू एवढे साहित्य पुरते. खानदेशातील गावोगावी हाच प्रकार आढळतो. मोठ्या शहरांतही या खेळाला प्रतिष्ठा मिळू लागली आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात टेनिस चेंडूवरील दहा षटकांची 'इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग' ही स्पर्धा प्रथमच भरविण्यात आली.

यावरून टेनिसच्या चेंडूचा विचार केवळ टेनिसपुरता मर्यादित ठेवता येणार नाही, हे लक्षात येते. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हाती पडणारे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक वापरले जाणारे क्रीडासाहित्य होय. त्याची खरेदी विद्यार्थ्यांनी भरलेल्या शुल्कातून होते. असे असूनही ही खरेदी करताना चेंडू उसळतो किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, खरेदी समितीची स्वाक्षरी होते आणि खोके भांडारात जाते. हंगामाच्या मध्यावर चेंडू नरम पडल्याची तक्रार विद्यार्थी करतात, तेव्हा दोष विक्रेत्याचा की आपल्या पद्धतीचा, हे ठरविण्यास कोणतेही साधन हाती नसते. असे साधन भौतिकशास्त्र उपलब्ध करून देते, हा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

२. चेंडूची रचना व मानके

टेनिसचा चेंडू म्हणजे रबराचा पोकळ गोल व त्यावरील लवदार आवरण. रबराची दोन अर्धगोल कवचे साच्यात घडवून एकमेकांस चिकटविली जातात आणि त्यावर लोकर व नायलॉन यांच्या मिश्रणाच्या फेल्टचे दोन वक्राकार तुकडे बसविले जातात. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होते. गंधकासह तापवून ते टिकाऊ व लवचीक करण्याची व्हल्कनीकरणाची प्रक्रिया चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधली. त्यानंतरच हिरवळीवर नीट उसळणारा चेंडू शक्य झाला. वॉल्टर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसचे पेटंट १८७४ मध्ये घेतले, ते या पार्श्वभूमीवर. आज सर्वत्र दिसणारा पिवळा रंग बराच नंतरचा आहे. दूरचित्रवाणीवर चेंडू स्पष्ट दिसावा म्हणून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने १९७२ मध्ये पिवळ्या चेंडूस मान्यता दिली. विम्बल्डनने तो १९८६ मध्ये स्वीकारला.

महासंघाच्या नियमांनुसार सर्वसाधारण (दुसऱ्या प्रकारच्या) चेंडूचे वस्तुमान ५६.० ते ५९.४ ग्रॅम आणि व्यास ६.५४ ते ६.८६ सेंमी असावा लागतो. २५४ सेंमी, म्हणजे १०० इंच उंचीवरून काँक्रीटसारख्या कठीण पृष्ठभागावर सोडला असता त्याने १३५ ते १४७ सेंमी, म्हणजे ५३ ते ५८ इंच उसळी घ्यावी लागते. ही चाचणी सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानास व सुमारे ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेस करावयाची असते. मान्यताप्राप्त चेंडूंची यादी महासंघ दरवर्षी प्रसिद्ध करतो.

बाजारात या चेंडूचे दोन मुख्य प्रकार मिळतात. पहिल्या प्रकारात आतील हवेचा दाब बाहेरील वातावरणापेक्षा जवळजवळ एक वातावरण अधिक असतो. म्हणजे आतील एकूण दाब सुमारे दोन वातावरणांइतका असतो. असे चेंडू हवाबंद डब्यात मिळतात आणि झाकण उघडताना होणारा 'फुस्स' आवाज हा डब्यातही दाब राखलेला असल्याची खूण असते. दुसऱ्या प्रकारात आत अतिरिक्त दाब नसतो; जाड व ताठर रबराच्या बळावरच चेंडू उसळतो. हा चेंडू हाताला कठीण लागतो, परंतु त्याची उसळी दीर्घकाळ टिकते. क्रिकेटसाठी 'हेवी' वा 'हार्ड टेनिस' या नावाने विकला जाणारा चेंडू हा याहून निराळा असून त्याचे वजन टेनिसच्या मानकापेक्षा बरेच अधिक असते. दुकानात या तिन्ही वस्तू 'टेनिस बॉल' या एकाच नावाने मागितल्या जातात आणि खरेदीतील पहिली चूक येथेच घडते. दरपत्रकात केवळ 'टेनिस बॉल, प्रति डझन' असे लिहिले असल्यास तीन विक्रेते तीन भिन्न वस्तूंचे दर देऊ शकतात आणि तुलनात्मक तक्ता निरर्थक ठरतो.

३. उसळीमागील भौतिकशास्त्र

२५४ सेंमी उंचीवर धरलेल्या ५८ ग्रॅमच्या चेंडूत सुमारे १.४४ ज्यूल स्थितिज ऊर्जा असते. जमिनीस स्पर्श करताना तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर झालेले असते आणि चेंडूचा वेग सेकंदास सुमारे ७ मीटर होतो. चेंडू काही सहस्रांश सेकंद जमिनीवर दाबला जातो. तेवढ्या अवधीत ही ऊर्जा दाबली गेलेली हवा आणि वाकलेले रबर यांत साठते व तिचा काही भाग चेंडूस परत मिळतो. दाबलेली हवा ऊर्जा जवळजवळ पूर्ण परत करते; रबर मात्र वाकताना जेवढी ऊर्जा घेते तेवढी सरळ होताना परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. चांगला चेंडूदेखील १३५ ते १४७ सेंमीच उसळतो, म्हणजे पहिल्याच टप्प्यात ४२ ते ४७ टक्के ऊर्जा गमावतो.

उसळल्यानंतरचा वेग आणि आदळतानाचा वेग यांच्या गुणोत्तरास भौतिकशास्त्रात 'कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन' म्हणतात. येथे त्यास 'उसळी-गुणांक' म्हटले आहे. उसळीची उंची भागिले सोडण्याची उंची, याचे वर्गमूळ म्हणजे हा गुणांक होय. मानक चेंडूसाठी तो ०.७३ ते ०.७६ येतो. २५४ सेंमीवरून सोडलेला चेंडू ११० सेंमीच उसळला, तर गुणांक ०.६६ इतका उतरतो. आकड्यातील हा फरक लहान वाटला तरी तो चेंडू खेळाच्या दृष्टीने निरुपयोगी झालेला असतो.

आतील हवेचा दाब कमी झाला की आदळताना ऊर्जा साठविण्याचे अधिक काम रबराच्या वाट्यास येते, रबर अधिक वाकते आणि ऊर्जेचा व्यय वाढतो. चेंडू नरम पडण्याचे हे कारण होय. ही हवा छिद्रातून जाते असे नव्हे. रबराचे रेणू एकमेकांत गुंतलेल्या लांब साखळ्यांचे असतात व त्यांच्या फटींतून वायूचे रेणू हळूहळू बाहेर झिरपतात. सायकलच्या ट्यूबमधील हवा पंक्चर नसतानाही काही आठवड्यांत कमी होते, ती याच कारणाने. हवाबंद डब्यात बाहेरचा दाबही तितकाच असल्यामुळे गळती थांबलेली असते. डबा उघडला की गळती सुरू होते, मग चेंडू खेळात असो वा कपाटात. व्यावसायिक स्पर्धांत पहिल्या सात गेमनंतर व पुढे दर नऊ गेमनंतर चेंडू बदलण्याची प्रथा आहे. पुण्याच्या बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेसारख्या सामन्यांतून प्रेक्षकांनी ती पाहिली आहे. त्या बदलामागे दाबाइतकेच फेल्टच्या झिजेचेही कारण असते.

४. खानदेशातील तापमान व साठवणूक

वायूचे घनफळ स्थिर असता त्याचा दाब केवल तापमानाच्या सम प्रमाणात बदलतो, हा नियम आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. तो भांडारातील चेंडूस लावून पाहू. २० अंश तापमानास आतील दाब २ वातावरण आहे असे मानू. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालील खोली ४५ अंशांपर्यंत तापली, तर केवल तापमान २९३ वरून ३१८ होते आणि आतील दाब सुमारे २.१७ वातावरण होतो. बाहेरील दाब १ वातावरणाच्या आसपासच असल्याने आतला अतिरिक्त दाब १ वरून १.१७ होतो. म्हणजे हवेला बाहेर ढकलणारा फरक सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. त्यातच तापलेल्या रबरातून वायू अधिक वेगाने झिरपतो. याउलट हिवाळ्याच्या पहाटे तापमान १० अंशांवर आले की अतिरिक्त दाब ०.९३ पर्यंत उतरतो, रबरही काहीसे ताठर होते व चेंडू मंद वाटतो. एकच चेंडू जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी निरनिराळा का वागतो, याचे उत्तर येथे मिळते.

आता आपल्या खरेदीचे वेळापत्रक विचारात घ्यावे. अनेक संस्थांत शिल्लक तरतूद मार्चअखेर खर्ची पडावी म्हणून क्रीडासाहित्याची वर्षभराची खरेदी एकदम होते. चेंडू भांडारात येतात आणि लगेच परीक्षा व उन्हाळी सुटी लागते. खुल्या पिशवीत आलेले दाबयुक्त चेंडू वर्षातील सर्वांत उष्ण दोन महिने बंद खोलीत काढतात. त्यानंतर पावसाळा असतो. प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंत त्यांतील बरीचशी हवा निघून गेलेली असते. नोंदवहीत साहित्य कोरे असते, प्रत्यक्षात ते जुने झालेले असते. विद्यार्थ्यास नवा म्हणून दिलेला चेंडू पहिल्याच दिवशी नरम निघतो, त्याचे मूळ अनेकदा उत्पादनात नसून या वेळापत्रकात असते.

उंचीचाही परिणाम होतो. उंचावर बाहेरील हवेचा दाब कमी असल्याने तोच चेंडू अधिक उसळतो. समुद्रसपाटीपासून १२१९ मीटरहून अधिक उंचीवरील खेळासाठी महासंघाने निराळ्या चेंडूंची तरतूद केली आहे. सुमारे १३५० मीटर उंचीचे महाबळेश्वर या मर्यादेच्या वर येते. सुमारे ११५० मीटर उंचीचे तोरणमाळ तिच्या किंचित खाली राहते. पिंपळनेर व धुळे जिल्ह्यातील इतर गावे मर्यादेच्या बरीच खाली असल्याने येथे सर्वसाधारण चेंडूच योग्य होय.

५. क्रिकेटसाठी वापर : वस्तुमान आणि हवेचा रोध

आपल्याकडील बहुतेक टेनिस चेंडू क्रिकेटसाठी वापरले जात असल्याने या बाजूचाही विचार आवश्यक आहे. क्रिकेटचा चामडी चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. त्याचा आकार टेनिस चेंडूपेक्षा थोडाच मोठा. वजन मात्र पावणेतीन पट. दोन्ही चेंडू ताशी १०० किमी वेगाने जात असतील, तर दोहोंवरील हवेचा रोध जवळपास सारखाच, म्हणजे सुमारे ०.९ न्यूटन असतो. टेनिस चेंडूच्या स्वतःच्या वजनाच्या तो सुमारे दीडपट भरतो. चामडी चेंडूच्या बाबतीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणूनच टेनिसचा चेंडू कितीही जोरात टोलविला तरी हवेत लवकर मंदावतो. लहान मैदानास व उघड्या हातांनी झेल घेणाऱ्या खेळाडूंस हा गुण सोयीचा ठरतो. फेल्टची लव फुगली की रोध वाढतो. ती झिजून गुळगुळीत झाली की कमी होतो. यामुळे जुना चेंडू टप्पा पडल्यावर मंद, परंतु हवेत वेगवान, अशा दुहेरी स्वरूपाचा होतो.

'हेवी' चेंडूची निवड करताना अधिक सावधगिरी हवी. समजा, ५८ ग्रॅमऐवजी ८७ ग्रॅमचा चेंडू वापरला. त्याच वेगास त्याचा संवेग आणि गतिज ऊर्जा दोन्ही दीडपट होतात, आणि वजनाच्या तुलनेत रोध कमी असल्याने तो वेगही अधिक टिकवितो. साध्या टेनिस चेंडूवर शिरस्त्राणाविना खेळण्याची सवय असलेले विद्यार्थी त्याच तयारीने हेवी चेंडूसमोर उभे राहतात, तेव्हा धोका वाढलेला असतो. तो त्यांना जाणवत नाही, कारण चेंडूचे नाव आणि रूप तेच असते. साधा चेंडूही डोळ्यास इजा करू शकतो. यास्तव हेवी चेंडू खरेदी करणाऱ्या महाविद्यालयाने संरक्षक साहित्याची तरतूद त्याच प्रस्तावात करावी.

६. खरेदीपूर्व चाचणी

उसळीची चाचणी अत्यंत सोपी आहे. भिंतीवर जमिनीपासून २५४ सेंमीवर एक खूण करावी व १३५ आणि १४७ सेंमीवर दोन आडव्या रेषा आखाव्यात. चेंडूचा तळ वरच्या खुणेस लावून तो न ढकलता सोडावा आणि उसळी घेतल्यावर चेंडूचा तळ दोन रेषांच्या दरम्यान पोहोचतो की नाही, हे डोळ्यांच्या पातळीवरून पाहावे. जमीन काँक्रीटची वा पक्क्या फरशीची असावी. काळ्या मातीत वा मुरमावर जमिनीतच ऊर्जा मुरते व चांगला चेंडूही नापास ठरतो. चाचणी सकाळी, सावलीत व शक्यतो २० अंशांच्या आसपास करावी आणि प्रत्येक चेंडूची तीन मापने घेऊन सरासरी काढावी. शिडी उपलब्ध नसल्यास एक मीटरवरून सोडलेला चेंडू साधारण ५३ ते ५८ सेंमी उसळेल, असे ढोबळमानाने धरता येते; कमी वेगास गुणांक किंचित वाढतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

डोळ्याने उंची पाहण्यात दोन-चार सेंमीची चूक सहज होते. त्यावर ध्वनीचा उपाय आहे. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या आवाजांमधील काळ मोजला, तर उसळीची उंची गणिताने मिळते : त्या काळाचा वर्ग गुणिले गुरुत्वत्वरण, भागिले आठ. २५४ सेंमीवरून सोडलेल्या मानक चेंडूसाठी हा काळ १.०५ ते १.१० सेकंद येतो. ११० सेंमी उसळणाऱ्या नरम चेंडूसाठी सुमारे ०.९५ सेकंद. मोबाइलमधील ध्वनिमुद्रणावरून, किंवा जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेल्या 'फायफॉक्स' या मोफत अॅपमधील ध्वनीवर चालणाऱ्या स्टॉपवॉचने हा काळ शतांश सेकंदापर्यंत मोजता येतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हा एक उत्तम लघुप्रकल्प ठरेल आणि त्याचा निष्कर्ष प्रयोगवहीत न राहता खरेदी समितीच्या उपयोगी पडेल.

उसळीखेरीज वजन व व्यास मोजावेत. प्रयोगशाळेतील तराजू आणि व्हर्निअर कॅलिपर त्यासाठी पुरेसे आहेत. फक्त कॅलिपरने फेल्ट दाबले जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

७. खरेदीची सुचविलेली रीत

वरील विवेचनावरून पुढील सूचना करता येतात.

(१) मागणीपत्रात चेंडूचा प्रकार (दाबयुक्त, दाबविरहित वा हेवी), वजन आणि उसळीची मर्यादा स्पष्ट लिहावी. टेनिससाठी घेतलेल्या चेंडूवर महासंघाच्या मान्यतेचा उल्लेख मागावा.

(२) दरपत्रकासोबत प्रत्येक विक्रेत्याकडून किमान तीन नमुने घ्यावेत. त्यांची चाचणी लगेच व चार आठवड्यांनी पुन्हा करावी. आज १४० सेंमी उसळणारे दोन चेंडू महिन्यानंतर सारखेच उसळतील असे नाही, आणि खरा फरक तेथेच दिसतो.

(३) दर प्रति नग न पाहता प्रति उपयुक्त दिवस पाहावा. समजा, ४० रुपयांचा चेंडू दहा दिवस आणि ६० रुपयांचा बावीस दिवस मर्यादेत राहिला. तर पहिल्याचा दैनिक खर्च ४ रुपये आणि दुसऱ्याचा सुमारे २ रुपये ७३ पैसे पडतो. तुलनात्मक तक्त्यात हा एक स्तंभ वाढविल्यास न्यूनतम दराचे तत्त्व सोडावे लागत नाही, केवळ ते अर्थपूर्ण होते.

(४) वर्षाचा दर एकदा ठरवून पुरवठा दोन वा तीन हप्त्यांत घ्यावा आणि मार्चअखेर घेतलेला साठा सीलबंद डब्यांतच ठेवावा. सरावासाठी दाबविरहित चेंडू वापरल्यास साठवणुकीचा प्रश्न बराच सुटतो.

(५) चेंडू पत्र्याच्या छताखाली न ठेवता थंड, कोरड्या खोलीत ठेवावेत, डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहावी व जुना डबा संपल्याखेरीज नवा उघडू नये.

८. निष्कर्ष

टेनिसचा चेंडू ही अल्प किमतीची वस्तू आहे. तथापि तिच्या खरेदीत वायूचे नियम, रबराचे गुणधर्म व हवेचा रोध हे सर्व विषय एकत्र येतात. दर आणि नगसंख्या यांवरच भर देणारी पद्धत प्रामाणिकपणे राबविली तरी ती विद्यार्थ्यास नरम चेंडू देऊ शकते, कारण ती काळाबरोबर होणारा बदल मोजत नाही. भिंतीवरील तीन रेषा आणि एक मोबाइल एवढ्या साधनांवर हा बदल मोजता येतो. जिमखाना विभागाने चेंडू द्यावेत, भौतिकशास्त्र विभागाने ते मोजावेत आणि वाणिज्य विभागाने प्रति दिवस खर्चाचा हिशेब मांडावा. एका महाविद्यालयाने वर्षभर अशी नोंद ठेवली, तर खानदेशच्या हवामानात कोणता चेंडू किती दिवस टिकतो, याची विश्वासार्ह माहिती परिसरातील सर्व शाळा-महाविद्यालयांस उपलब्ध होईल. तशी नोंद ठेवण्यास येत्या हंगामातील पहिला डबा उघडण्याचा दिवस सोयीचा आहे.